नवीन घर बांधतोय, खोल्यांना खिडक्या केवढ्या ठेवायच्या? नियम नक्की काय आहे?

कृष्णाकाठी

नमस्कार मंडळी, कराडजवळ ३० बाय ५० च्या प्लॉटवर घर बांधायला काढलंय, प्लिंथ झालाय, आठवड्याभरात वीटकाम चालू होईल आणि घरात सध्या फक्त खिडक्यांवरून वाद चालू आहेत. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो सगळीकडे ४ बाय ४ टाकू, सगळे तेच टाकतात. वडिलांचं म्हणणं खिडकी जितकी लहान तितकी बरी, धूळ नाही आणि चोराची भीती नाही. बायकोला मोठ्या काचा पाहिजेत. माझं म्हणाल तर मला एवढंच कळतं की आत्ता भाड्याने राहतो त्या घरात दुपारी बारा वाजता पण ट्यूब लावावी लागते, तसलं नकोय.

माहिती देतो. रस्ता पूर्वेला, हॉल पुढं १२ बाय १६. किचन आग्नेयेला ८ बाय १०. मोठी बेडरूम मागं नैऋत्येला ११ बाय १३, तिला अटॅच बाथरूम. दुसरी बेडरूम वायव्येला १० बाय १२. दक्षिणेला शेजाऱ्यांचं दुमजली घर आहे, उत्तरेचा प्लॉट अजून रिकामा आहे, पश्चिमेला ऊस. स्लॅब साडेदहा फुटावर.

प्रश्न असा की खोलीच्या मापाप्रमाणे खिडकी किती असावी याचा काही नियम आहे का, का नुसता अंदाजच? आणि स्लायडिंग घ्यावी का उघडायच्या दारांची? प्लॅन मंजूर आहे पण त्यात खिडकीला नुसतं W1 W2 लिहिलंय, शेड्यूल आमच्या हातात कोणी दिलंच नाही.

सिव्हिलवाला

आधी ते शेड्यूल मागून घ्या, मंजूर प्लॅनच्या शीटवर कोपऱ्यात दारं-खिडक्यांचा तक्ता असतोच, तुमच्या हातात बहुतेक झेरॉक्सचा अर्धाच भाग आलाय.

नियम आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत हवामानाप्रमाणे प्रमाण दिलंय, खोलीच्या क्षेत्रफळाच्या दमट गरम भागात १/६, कोरड्या गरम भागात १/१०, मधल्या हवामानात १/८ आणि थंड प्रदेशात १/१२. हे किमान आहे, आणि चौकट धरून पण दार सोडून. आपल्याकडचे बहुतेक आर्किटेक्ट सरसकट १/६ धरतात आणि तेच बरंय.

आता तुमचा हिशोब. मोठी बेडरूम ११ गुणिले १३ म्हणजे १४३, त्याचा सहावा भाग जवळपास २४ चौरस फूट. कॉन्ट्रॅक्टरची ४ बाय ४ म्हणजे १६, तिथंच आठ फूट कमी पडले. पश्चिमेला ४ बाय ४ ठेवा आणि दक्षिणेच्या भिंतीला एक उभी २ बाय ४ द्या, बरोबर २४ होतात आणि दोन भिंतींना खिडकी आल्यामुळे वारा खेळतो. एकाच भिंतीला ६ बाय ४ दिली तरी कागदावर २४ च येतात, पण हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर ती आत येत नाही, हे कुठल्याच तक्त्यात लिहिलेलं नसतं. दुसऱ्या बेडरूमला २० पाहिजेत, ४ बाय ४ अधिक २ बाय २ किंवा सरळ ५ बाय ४. हॉलला ३२, पुढं ६ बाय ४ आणि उत्तरेला २ बाय ४.

किचनमध्ये सगळे फसतात. बाकी खोल्यांत सिल (खिडकीचा खालचा काठ) ३ फुटावर आणि लिंटेल (खिडकीवरची आडवी तुळई) ७ फुटावर म्हणून खिडकी ४ फूट उंच मिळते. किचनला ओटा, वर डॅडोच्या टाइल, त्यामुळे सिल चार फुटावर जाते आणि उंची उरते ३ फूट. म्हणजे तुमची ४ बाय ४ तिथं आपोआप ४ बाय ३ होते, १२ चौरस फूट, आणि ८ बाय १० ला पाहिजेत सव्वातेरा. रुंदी ५ करा. किचनला कमीत कमी १ चौरस मीटरची खिडकी थेट मोकळ्या जागेत उघडलीच पाहिजे अशी वेगळी अट पण आहे, ती तुमची सहज भागते.

बाथरूम-संडासला ०.३ चौरस मीटर, म्हणजे सव्वातीन चौरस फूट. गवंडी सवयीने दोन बाय दीडचा व्हेंटिलेटर ठेवतो, तो भरतो ३. दोन बाय दोन सांगा, खर्चात काही फरक पडत नाही.

आणखी एक, खिडकीपासून साडेसात मीटरपेक्षा लांब असलेला खोलीचा भाग अंधाराच धरतात. तुमच्याकडे तो प्रश्न नाही पण लांबलचक हॉल काढणाऱ्यांनी बघावं.

अ‍ॅल्युमिनियमवाले

सिव्हिलवाला साहेबांनी भोकाचा हिशोब दिला, मी उघडण्याचा देतो कारण गिऱ्हाईक इथंच गंडतं. टू ट्रॅक स्लायडिंग कितीही मोठी घ्या, उघडते अर्धीच. ५ बाय ४ ची खिडकी म्हणजे वारा येणार १० चौरस फुटातून. आणि लोक म्हणतात आम्ही थ्री ट्रॅक घेतलीय, अहो पण तिसऱ्या ट्रॅकवर मच्छरजाळी असते ना, काचा दोनच, त्यामुळे ती पण अर्धीच उघडते आणि वर जाळी वारा अडवते ते वेगळंच. तीन काचांची खरी थ्री ट्रॅक असेल तर दोन तृतीयांश उघडते, ती फार कमी लोक मागतात. उघडायच्या पल्ल्यांची असेल तर चौकट सोडून जवळपास सगळी उघडते.

माझा सल्ला, हॉलला स्लायडिंग घ्या दिसायला बरी, बेडरूमला पल्ले. पल्ल्यांना जाळी आतून लावावी लागते आणि ग्रिल असेल तर पल्ले कुठल्या बाजूला उघडणार ते आधी ठरवा, नायतर ग्रिलवाला येऊन गेल्यावर पल्ला ग्रिलला आपटतो आणि मग सगळे माझ्या नावाने ओरडतात.

स्लायडिंगच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूला पाणी जायची भोकं असतात, प्लास्टरवाला ती सिमेंटने बुजवतो, मग पहिल्याच पावसात पाणी आत. माल ताब्यात घेताना ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतून बघायचं, बाहेर गेलं तर ठीक.

सिव्हिलवाला

+१. बीईईने (केंद्राची ऊर्जा बचतीची संस्था) २०१८ ला इको निवास संहिता काढली त्यात हाच हिशोब पक्का केलाय, दोन काचांची स्लायडिंग ५० टक्के, तीन काचांची ६७, पल्ल्यांची ९० टक्के उघडी धरायची, आणि मग ते उघडं क्षेत्रफळ दमट भागात १६.६६ टक्के, म्हणजे तेच १/६, भरलं पाहिजे. ती २०१८ ची संहिता ५०० चौरस मीटर आणि वरच्या प्लॉटसाठी होती, तुमचा दीडशेच्या आत आहे, पण गणित म्हणून ती जास्त खरी आहे. जुन्या पद्धतीत पण फिक्स काच सोडून उघडणारा भागच मोजायचा असतो, ते सोयीस्करपणे सगळे विसरतात. हल्ली एलेव्हेशनसाठी, म्हणजे घराच्या दर्शनी बाजूच्या शोभेसाठी, जिन्याजवळ नाहीतर हॉलला वीस-वीस फुटी फिक्स काच लावतात, ती उजेडाला ठीक, हवेच्या हिशोबात शून्य.

संत्रानगरी

भाऊ, माझं थोडं वेगळं मत आहे. नागपुरात आम्ही पश्चिमेला मोठ्ठी खिडकी ठेवतच नाही. मे महिन्यात चार वाजता तिकडून जे ऊन येतं त्याला छज्जा काहीच करत नाही कारण सूर्य खाली आलेला असतो, ऊन छज्जाच्या खालून सरळ पलंगावर. दक्षिणेला दोन फुटाचा छज्जा पुरतो, उन्हाळ्यात सूर्य डोक्यावरच असतो, हिवाळ्यात तेवढंच थोडं ऊन आत येतं ते हवंच असतं. तुमच्या मोठ्या बेडरूमची मुख्य खिडकी पश्चिमेला आहे म्हणून म्हटलं. दक्षिणेची मोठी करा आणि पश्चिमेची लहान.

आणि कूलर लावणार असाल तर त्याची खिडकी आत्ताच ठरवा. कूलर बाहेरून स्टँडवर बसतो, त्याला सिल अडीच फुटावर बरी पडते, आणि समोरच्या भिंतीची खिडकी किंवा व्हेंटिलेटर उघडा पाहिजे, हवा बाहेर गेली नाही तर खोली थंड होत नाही नुसती चिकचिक होते. आमच्याकडे नवीन घरात पीओपीच्या सिलिंगमध्ये वरचे व्हेंटिलेटर गाडून टाकतात आणि मग कूलर बेकार आहे म्हणतात.

झडीचा पाऊस

उन्हाचं तुमचं खरं पण आम्ही रत्नागिरीकडचे, आमचा वैरी पाऊस. जून ते सप्टेंबर नैऋत्येकडून झड येते, दीड फुटी छज्जा असला काय नसला काय सारखंच, पाणी आडवं येतं. माझ्या घरी त्या बाजूला अडीच फुटी छज्जा आहे आणि दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या उतरवल्यात, त्याने पश्चिमेचं तिरकं ऊन पण अडतं म्हणजे संत्रानगरींच्या तक्रारीवर पण तोच उपाय. मार्जिनमध्ये, म्हणजे घराभोवती हद्दीपर्यंत सोडायच्या मोकळ्या जागेत, पाऊण मीटरपर्यंत छज्जा चालतो, म्हणजे जेमतेम अडीच फूट, त्याच्या पुढे जाऊ नका.

छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडायची खाच ठेवायला सांगा. सेंट्रिंग करतानाच बोटभर जाडीची पट्टी टाकली की ती आपोआप पडते, नंतर कोण छिन्नी घेऊन बसणार. ती नसेल तर पाणी छज्जाच्या पोटावरून चालत भिंतीला येतं आणि खिडकीच्या वर ओलीचा डाग पडतो, दरवर्षी रंग काढा परत. तसंच सिलचा दगड, ग्रॅनाइट असो वा कडाप्पा, बाहेरच्या बाजूला उतार देऊन बसवायचा आणि प्लास्टरच्या इंचभर पुढे काढायचा. गवंडी तो लेव्हल लावून अगदी सपाट बसवतो आणि वर कौतुकाने दाखवतो.

पडवी असेल तर पडवीत उघडणारी खिडकी पण हिशोबात धरतात, पडवी आठ फुटांपेक्षा रुंद नसली म्हणजे झालं. आमच्याकडे निम्म्या खिडक्या पडवीतच असतात, भर पावसात उघड्या ठेवता येतात.

कृष्णाकाठी

बापरे एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. शेड्यूल मागवलं, त्यात बेडरूमला ५ बाय ४ लिहिलंय आणि कॉन्ट्रॅक्टर ४ बाय ४ सांगत होता, आता बोलतोच त्याच्याशी.

दोन शंका राहिल्या. दक्षिणेला शेजाऱ्यांची भिंत जवळ आहे, तिकडं खिडकी काढली तर ते हरकत घेतील का? आणि उत्तरेचा प्लॉट उद्या कोणी बांधला तर माझ्या खिडक्या बंद होतील का? वडिलांच्या चोराच्या भीतीचं पण काहीतरी सांगा, ते रोज विचारतात.

काळा कोट

तुमच्या हद्दीत प्लॅनप्रमाणे मार्जिन सोडून खिडकी काढली तर शेजारी हरकत घेऊन काही उपयोग नाही. हद्दीवरच्या भिंतीला मात्र खिडकी काढू नका, गावठाणात जुन्या सामाईक भिंतींना भोकं पाडून ठेवलेली दिसतात आणि त्याचे दावे पिढ्यान् पिढ्या चालतात.

उत्तरेचं उलटं आहे. इझमेंट अ‍ॅक्ट (वहिवाटीच्या हक्कांचा कायदा) १८८२ च्या कलम १५ प्रमाणे उजेड आणि हवेचा हक्क मिळायला २० वर्षं शांतपणे, विनाअडथळा वापर लागतो. तुमचं घर आत्ता होतंय, त्यामुळे तो प्लॉटवाला उद्या त्याचं मार्जिन सोडून तीन मजले चढवेल आणि तुम्ही काही करू शकणार नाही. २० वर्षं झाली तरी उजेड थोडा कमी झाला एवढ्यावर भागत नाही, भरीव नुकसान दाखवावं लागतं. म्हणून शेजारच्या रिकाम्या प्लॉटच्या भरवशावर खिडक्या मोजू नका, तुमचं स्वतःचं मार्जिन केवढं आहे त्यावर मोजा.

सिव्हिलवाला

वकीलसाहेबांशी सहमत. वायव्येच्या बेडरूमची मोठी खिडकी पश्चिमेला उसाकडे ठेवा बाजूच्या पट्ट्यांसकट, उत्तरेला ती २ बाय २ द्या. मोठ्या बेडरूमचं संत्रानगरी म्हणतात तसं उलटवू नका, दक्षिणेला दुमजली घर आहे, तिथून उजेड येणारच नाही.

बाथरूमसाठी कोणी डक्ट (हवेसाठी वरपर्यंत मोकळा सोडलेला उभा बोळ) सुचवला तर जमिनीपासून १० मीटर उंचीपर्यंत तो कमीत कमी १.२ चौरस मीटर आणि अरुंद बाजू ०.९ मीटर लागतो, आणि तो फक्त बाथरूम-संडासला, बेडरूमची खिडकी डक्टमध्ये काढायची नाही.

वडिलांना सांगा चोर खिडकीच्या मापावर येत नाही, ग्रिलवर अडतो. १२ मिमीचा चौकोनी गज, फ्रेम भिंतीत होल्डफास्टने (भिंतीत रुतवायच्या लोखंडी पट्ट्यांनी) पक्की, बाहेरून स्क्रू दिसता कामा नये. फक्त प्रत्येक बेडरूममध्ये एका ग्रिलला आतून कुलूप लावता येईल असा उघडणारा भाग ठेवा, आग लागली तर दाराशिवाय बाहेर पडायला तेवढीच वाट असते, आणि किल्ली खिडकीजवळच खिळ्याला, कपाटात नको.