मदत हवी आहे: दुधाच्या बिलाचं ॲप प्ले स्टोअरवर सापडत नाही, कीवर्ड कोणते घेऊ?

नमस्कार मंडळी,

वडिलांसाठी केलेलं अँड्रॉइड ॲप दिवाळीत प्ले स्टोअरवर टाकलं. डेअरीला दूध घालणाऱ्यानं सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातलं पाणी आणि फॅट सोडून उरणारा घन भाग) भरायचे, पेंडीची कपात आणि उचल लिहायची, की दहा दिवसांचं बिल तयार. डेअरीच्या बिलाशी ताडून बघता येतं. लिंक पाठवली की लोक घेतात, रोज वापरतात. शोधून मात्र कोणालाच मिळत नाही.

नाव 'कपिला दूध नोंदवही'. कपिला ही आमची पहिली गाय, तेवढा शब्द मी काढणार नाही. प्रश्न उरलेल्या जागेचा. नावाला ३० कॅरेक्टरची मर्यादा आणि काना-मात्रा वेगळे मोजले जातात. 'नोंदवही' दिसायला चार अक्षरं, पण खातो सात जागा.

परवा शेजारच्या काकांच्या हातात फोन दिला नि म्हटलं, "काका, डेअरीचा हिशोब ठेवायचं ॲप शोधा बरं." त्यांनी टाइप केलंच नाही. माइक दाबून म्हणाले, "दुधाचा पगार." आमच्याकडे डेअरीच्या बिलाला पगारच म्हणतात. समोर आली नोकरदारांच्या पगारपत्रकाची ॲप! मग 'दूध हिशोब' म्हणाले, तर घरोघरी रतीब घालणाऱ्यांची ॲप. चांगली आहेत ती, पण त्यांत फॅटचा रकानाच नाही. 'नोंदवही' हा शब्द काकांच्या तोंडी एकदाही आला नाही.

मला अडलंय ते असं. हिशोब, हिशेब, हिसाब यांतलं काय धरू? रोमनमध्ये 'दूध' कोणी एका यूनं लिहितं, कोणी दोन ओ घालून, त्याचं काय करू? ॲपलसारखा १०० कॅरेक्टरचा कीवर्डचा वेगळा रकाना इथे नाही, मग हे सगळे शब्द ठेवायचे कुठे?

प्रतिसाद

ताई, 'पगार' आणि 'हिशोब' दोन्ही नावातून सोडा, त्या शब्दांवर गर्दी दुसऱ्यांचीच आहे. नुसतं 'फॅट' घेतलंत तर वजन कमी करणाऱ्या ॲपमध्ये जाऊन पडाल. 'कपिला: दूध बिल, फॅट, एसएनएफ' बसतं, २७ होतात. बाकीचे शब्द ८० कॅरेक्टरच्या छोट्या वर्णनात आणि ४००० च्या मोठ्या वर्णनात, पण वाक्यांतून येऊ द्या. शब्दांची नुसती रांग लावणं गुगलच्या नियमांत बसत नाही. नावात 'फ्री', 'नंबर वन' चालत नाही.

आणि काकांच्या फोनची भाषा कोणती ते बघा. इंग्रजी असेल तर त्यांना तुमचं मराठी लिस्टिंग (स्टोअरवरचं नाव-वर्णनाचं पान) दिसतच नाही, इंग्रजी दिसतं. रोमनमधलं 'दूध' तिथे हवं. एका वेळी एकच बदल करा नि काही आठवडे थांबा, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही.

धागाकर्ती

काकांचा फोन बघितला, इंग्रजीच निघाला! वडिलांचाही तसाच. आणि इंग्रजी लिस्टिंगमध्ये मी दोन ओळी घाईत खरडून ठेवल्या होत्या. आजच बसते त्यावर.

संध्याकाळी डेअरीवर रांग असते, तिथे आणखी चार-पाच जणांच्या हाती फोन देऊन बघणार आहे. तोवर एक विनंती: तुमच्या गावात डेअरीच्या बिलाला काय म्हणतात, तो शब्द इथे लिहाल का? जिल्हाही सांगा.