वाकवलेलं पितळ अमोनियात नको
गॉगलच्या पितळी कड्या अमोनियाच्या वाफेत ठेवल्या की स्टीमपंकला (वाफेच्या इंजिनांच्या काळासारख्या यांत्रिक शैलीला) शोभेल असा जुनाट तपकिरी रंग चढतो, हे बरोबरच. आधी ॲसिटोनने लॅकर (पितळेवरचा पारदर्शक संरक्षक थर) मात्र काढा, नाहीतर रंग डागाडागांनी चढतो. पण वाकवलेला पातळ पत्रा आणि स्प्रिंगा अमोनियाच्या वाफेच्या डब्यात तसाच अजिबात घालू नका! वाकवल्यामुळे पितळेत ताण उरलेला असला की अमोनिया आणि दमट हवेत त्याला तडे जातात. ब्रिटिश फौजेची भारतातली काडतुसं पावसाळ्यात अशीच तडकायची. ती तबेल्यांत ठेवलेली असायची आणि घोड्यांच्या मुतातून अमोनिया यायचा. वाकवलेला भाग आधी २५०-३०० अंश सेल्सिअसला तासभर तापवून सावकाश थंड करा, मगच वाफ द्या. डाख (सोल्डर) त्यानंतर द्या, कारण साधा डाख एवढ्या उष्णतेत वितळतो.