शब्दचर्चा: टॅरोमधल्या 'हँग्ड मॅन'ला मराठीत काय म्हणावं?

पारंबी

माझा भाचा टॅरोची पानं वाचतो, म्हणजे चित्रांचे पत्ते मांडून भविष्य सांगतो. त्याची रीत थोडी निराळी आहे. प्रत्येक पानाला तो 'स्टार वॉर्स'मधला एखादा प्रसंग जोडतो आणि त्या प्रसंगातून पानाचा अर्थ उलगडून सांगतो. त्याच्यासाठी ते चित्रपट म्हणजे पुराणच आहे. त्याच्यासमोर बसणाऱ्यांत हल्ली आजीच्या वयाच्या बायकाही असतात, म्हणून पानांची मराठी नावं आणि खाली चार-चार ओळी लिहायचं काम माझ्याकडे आलं. जादूगार, सम्राज्ञी, रथ, एकांतातला साधू, ही पानं भराभर झाली. बारा आकड्याच्या 'हँग्ड मॅन' या पानाशी मात्र आठवडाभर अडले आहे.

चित्र असं आहे: इंग्रजी 'टी'च्या आकाराचा लाकडी खांब, पण लाकूड जिवंत, पालवी फुटलेलं. त्याला एक माणूस एका पायानं बांधून खाली डोकं वर पाय असा टांगलाय. दुसरा पाय गुडघ्यात मुडपून मागे नेलेला, हात पाठीमागे, लाल विजार, निळा अंगरखा. डोक्याभोवती पिवळी प्रभावळ. आणि चेहरा अगदी शांत.

मी आधी 'फाशी गेलेला' असं लिहिलं होतं. एका आजींनी ते वाचलं आणि पान हातातून खाली टाकलं. त्यांचा चेहरा बघून मला फार वाईट वाटलं. 'टांगलेला', 'लटकलेला', 'त्रिशंकू' असे शब्द सुचतात, पण एकही मनासारखा बसत नाही. भाच्यानं या पानासाठी 1980च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मधला नायक ल्यूक निवडलाय, बर्फाच्या गुहेत उलटा टांगलेला. तो प्रसंग धरून शब्द सुचवाल का?

जुना गडी

पहिली गोष्ट, 'फाशी' काढून टाका. फाशी म्हणजे फास आणि फास पडतो गळ्याला. या माणसाचा गळा मोकळा आहे. इंग्रजीत 'हँग्ड' हे रूप फाशी दिलेल्या माणसासाठीच वापरतात, भिंतीवरच्या तसबिरीसाठी 'हंग', त्यामुळे हा घोटाळा होतो.

अर्थात शिक्षेचा संबंध अगदीच नाही असंही नाही. टॅरो हा मुळात पत्त्यांचा खेळ, पंधराव्या शतकातल्या उत्तर इटलीतला. पानं 78, त्यांतली 22 हुकमाची. (या 22 पानांना 'मेजर आर्काना' म्हणतात, त्याला मराठी शब्द शोधत असाल तर 'हुकमाची पानं' म्हणा. मूळ काम तेच होतं, बाकीच्या पानांना मारायचं.) भविष्य सांगण्याची चाल अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये रुजली. इटलीत या पानाचं एक जुनं नाव होतं 'इल त्रादितोरे', म्हणजे गद्दार. त्या काळी शहराशी दगा करणाऱ्यांची उलटी टांगलेली चित्रं भर चौकात, सरकारी इमारतींच्या भिंतींवर रंगवत, सगळ्यांनी बघून थुंकावं म्हणून. फ्लॉरेन्समध्ये 1440 साली आंद्रेआ देल कास्तान्यो या चित्रकारानं अशी चित्रं काढली आणि लोकांनी त्याचं नावच 'टांगलेल्यांचा आंद्रेआ' असं पाडून टाकलं.

तुम्ही वर्णन केलेलं चित्र मात्र 1909चं आहे, पामेला कोलमन स्मिथ यांनी काढलेलं. त्यांच्याकडून ते करून घेणाऱ्या वेट यांनी स्वतःच सांगून ठेवलंय की हे थांबलेलं, टांगून ठेवलेलं जगणं आहे. पण जगणंच आहे, मरण नव्हे. प्रभावळ आणि पालवी त्यासाठीच आहे.

आणि एक व्यवहाराची अडचण सांगतो. 'उलटा' हा शब्द नावात घेऊ नका. पान उलटं पडलं की त्याचा अर्थ बदलतो ना? मग 'उलटा माणूस उलटा पडला' असं म्हणायची पाळी येईल आणि ऐकणाऱ्याला काही कळणार नाही.

एकताल

माझं म्हणणं थोडं लांबेल, पण हा शब्द माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

टांगणे आणि लटकणे यांतला फरक आधी बघू. 'टांगणे'मध्ये टांगणारा कुणीतरी दुसरा असतो. लटकणाऱ्याच्या पायाखालचा आधार गेलेला असतो, मग तो कुणी काढून घेतलेला असो की नसो. 'लोंबकळणे' निराळंच, त्यात हाताचा जोर लागतो. गर्दीच्या गाडीला माणूस लोंबकळतो, तो सुटू नये म्हणून धडपडत असतो. पानावरचा माणूस धडपडत नाही. त्यामुळे 'लोंबकळणारा' बाद.

पण खरी संपत्ती आहे संस्कृत 'लम्ब्' या धातूत. त्याचा अर्थच लोंबणं, टांगलेलं असणं. त्यापासून आपण रोज बोलतो ते केवढे शब्द आले बघा. विलंब. प्रलंबित खटला. नोकरीतून निलंबित. दुसऱ्यावर अवलंबून. स्वावलंबन. भूमितीतला लंब. हे सगळे एका घरातले आहेत. तिकडे लॅटिनमध्येही असंच झालंय, फ्रेंच भाषेतलं या पानाचं नाव 'ल पांद्यू' आणि इंग्रजीतले 'पेंडिंग', 'डिपेंड', 'सस्पेन्शन' हे शब्द एकाच मुळाचे. टांगलेपणातून वाट बघणं आणि वाट बघण्यातून परावलंबन, हा अर्थाचा प्रवास दोन्हीकडे झाला.

आता तुमच्या भाच्याचा प्रसंग घ्या. गुहेत ल्यूकचे पाय छताच्या बर्फात थिजलेले आहेत. त्याची लाइटसेबर, म्हणजे प्रकाशाच्या पात्याची तलवार, खाली बर्फात रुतलीय, हाताच्या बोटांपासून थोडी लांब. आधी तो काय करतो? अंग ताणतो, हात लांबवतो. पुरत नाही. पुन्हा ताणतो. त्याला पकडून आणणाऱ्या श्वापदाचा आवाज जवळ येतोय. मग तो धडपड सोडतो, डोळे मिटतो, हात नुसता खाली सैल धरतो. बर्फातली ती मूठ थरथरते आणि उडून हातात येते. माझ्या मते या पानाचा सगळा अर्थ त्या चार क्षणांत आहे. जोर लावून जे येत नव्हतं ते जोर सोडल्यावर आलं.

पण त्याच चित्रपटात हे पान पुन्हा दिसतं, म्हणून भाच्याला सांगा की एका गुहेवर थांबू नकोस. योडा या गुरूकडे शिकताना ल्यूक हातांवर उभा राहतो, पाय वर. तिथे त्याला मित्रांवरचं संकट दिसतं. योडा म्हणतो, शिक्षण पुरं कर, तो थांबत नाही. तिथे विलंब पत्करायचा होता आणि त्यानं घाई केली. ल्यूकचा मित्र हान सोलो याला कार्बोनाइट नावाच्या पदार्थात गोठवतात, तो अक्षरशः प्रलंबित ठेवलेला माणूस.

आणि शेवटी ढगांतलं शहर. उजवा हात तुटलाय. खलनायक व्हेडर आपला बाप आहे हे नुकतंच कळलंय. व्हेडर हात पुढे करतो आणि ल्यूक स्वतः होऊन धरलेलं सोडून देतो, खोल पडतो, शहराच्या तळाला एका दांड्यावर अडकतो आणि पायांनी उलटा लटकतो. खाली नुसते ढग. तिथे त्याच्याकडे लाइटसेबर नाही, ती हातासकट गेली. तो लेया या मैत्रिणीला मनातून हाक मारतो, तिला ती ऐकू जाते, यान मागे फिरतं. गुहेत तो स्वतःच्या बळावर सुटला होता. इथे तो पूर्णपणे दुसऱ्यावर अवलंबून आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

वर 'गद्दार' हे जुनं नाव आलं ते वाचून माझ्या अंगावर काटा आला. त्या शेवटच्या प्रसंगात ल्यूकला नुकतं कळलंय की तो गद्दाराचा मुलगा आहे.

माझा शब्द: 'विलंबित'. ख्याल ऐकणाऱ्याला वेगळं सांगायला नको. विलंबित लयीत गाणं थांबलेलं नसतं, ते सावकाश उलगडत असतं, आणि समेची वाट बघण्यातच आनंद असतो.

दक्षिणतारा

'विलंबित' सुंदर आहे, पण आजींना तो सरकारी पत्रातला वाटेल. 'त्रिशंकू' इतक्या सहज सोडू नका. वाल्मीकि रामायणाच्या बालकांडात त्रिशंकू राजाला सदेह स्वर्गात जायचं असतं. विश्वामित्र त्याला वर पाठवतात, इंद्र ढकलून देतो आणि तो डोकं खाली होऊन पडत असताना विश्वामित्र ओरडतात, 'तिष्ठ, तिष्ठ'. तो तिथेच उलटा थांबतो आणि त्याच्यासाठी दक्षिणेला नवे तारे निर्माण होतात. चित्रातली प्रभावळ मला त्या ताऱ्यांसारखी वाटते. मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास सिंधुदुर्गात किंवा गोव्यात समुद्रकिनारी उभं राहून दक्षिणेला क्षितिजालगत बघा, त्रिशंकूचे चार तारे दिसतात. अंतराळातल्या पुराणाला आपल्याकडच्या अंतराळातल्या पुराणाचा शब्द द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

जुना गडी

कथा चपखल आहे, शब्द नाही. बहुमत नसलं की वर्तमानपत्रं 'त्रिशंकू विधानसभा' लिहितात, म्हणजे 'हंग'ला हा प्रतिशब्द आधीच रुळलाय हे तुमच्या बाजूचं. पण बोलताना 'माझी त्रिशंकूसारखी अवस्था झालीय' असं म्हणणारा माणूस त्रासलेला असतो. शिवाय त्रिशंकूला हट्टानं वर जायचं होतं. ल्यूकनं तर हात सोडला.

वीटकाम

'लम्ब्'च्या वरच्या यादीत एक शब्द राहिला, तो लिहिल्याशिवाय राहवत नाही. ओळंबा. माझे वडील गवंडी होते. सुताला पितळी वजन, वरच्या टोकाला लाकडाचा चौकोनी तुकडा. तुकडा भिंतीला टेकवायचा, वजन खाली सोडायचं आणि थांबायचं. वजन आधी इकडेतिकडे झुलतं. वारा असला की बाबा खाली पाण्याची बादली ठेवून वजन त्यात बुडवायचे, म्हणजे ते लवकर स्थिर व्हायचं. ते हलत असताना मी वीट पुढे केली की ते हातानं मला थांबवायचे, नजर सुतावरून न काढता. बोलायचे नाहीत.

ओळंबणे, फळांनी ओळंबलेली फांदी, हेही त्याच 'अवलंब'मधून आलेलं. टांगलेली वस्तू आहे, पण भिंत सरळ की कललेली हे तीच सांगते. पायाखाली आधार असलेल्या कुणालाही ते सांगता येत नाही. गुहेतल्या ल्यूकचं वर्णन वाचताना मला बाबांचा ओळंबाच दिसत होता: आधी झुलणं, मग स्थिर होणं, मग काम.

पारंबी

सगळ्यांचे मनापासून आभार. काय केलं ते सांगते.

नावाच्या जागी मी 'अधांतरी' लिहिलं. फास नाही, 'उलटा' नाही, आणि कुणालाही न विचारता कळतं. शब्दात थोडी काळजी आहे हे मान्य, पण या पानात ती असायलाच हवी, ल्यूकलाही भीती वाटलीच होती. खाली ओळी अशा: 'पाय बांधलेला, जीव शाबूत. ओळंबा हलतो आहे तोवर वीट ठेवू नका. हाक मारायची असेल तर मारा, कुणीतरी ऐकेल.' उलटं पडलं तर: 'ओळंबा स्थिर झाला, तरी हात पुढे होत नाही.' भाच्यानं गुहेच्या जोडीला ढगांतलं शहरही घेतलं. 'विलंबित' मी त्याला बोलताना वापरायला सांगितलाय आणि त्रिशंकूची गोष्ट तो आता सांगतोच.

काल त्याच आजी पुन्हा आल्या होत्या. पान हातात घेऊन त्यांनी नाव वाचलं, ओळी वाचल्या. मग चेहरा नीट दिसावा म्हणून पान फिरवून धरलं. वरचा खांब खाली गेला, डोकं वर आलं, बांधलेला पाय जमिनीवर टेकल्यासारखा दिसायला लागला आणि मुडपलेला पाय मागे. बराच वेळ बघून म्हणाल्या, "अगं, हा तर नाचतोय."