वर्डमधील मोठा अहवाल संकेतस्थळावर कसा प्रकाशित करावा?

प्रश्न
वर्डमध्ये तयार केलेला सुमारे ३०० पानांचा अहवाल संकेतस्थळावर ठेवायचा आहे. त्यात तळटीपा, तक्ते आणि पृष्ठक्रमांकांसह अनुक्रमणिका आहे. वर्डमधूनच ‘वेब पेज’ म्हणून जतन केल्यास पान उघडते खरे, परंतु त्यातील कोड इतका बोजड होतो की एखादे वाक्य दुरुस्त करणेही अवघड जाते. त्यापेक्षा सरळ पीडीएफ ठेवावी का?

प्रतिसाद १
वाचक अहवाल छापूनच घेणार असतील तर पीडीएफ पुरेशी आहे. मोबाइलवर मात्र तिच्या ओळी पडद्याच्या रुंदीप्रमाणे जुळवून घेत नाहीत, शिवाय तिच्यातून देवनागरी मजकूर कॉपी केला की वेलांट्या आणि जोडाक्षरे पुष्कळदा विस्कटतात. ‘वेब पेज, फिल्टर्ड’ हा पर्याय वापरून पाहावा. वर्डने स्वतःच्या सोयीसाठी पेरलेल्या बऱ्याच खुणा त्यात गळून पडतात.

प्रतिसाद २
फिल्टर्ड पर्यायानेही फॉन्ट आणि समासांचा पसारा उरतोच. माझ्या मते खरी अडचण मूळ फाइलमध्ये असते: शीर्षक केवळ ठळक आणि मोठे केलेले असेल, तर रूपांतर करणाऱ्या साधनाच्या लेखी तो एक साधा परिच्छेदच असतो. म्हणून प्रत्येक शीर्षकाला आधी ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ अशा शैली द्याव्यात (वर्डमध्ये अशा नऊ पातळ्या असल्या तरी वेब पाने ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमध्ये सहाच आहेत) आणि नंतर पॅनडॉक हे रूपांतराचे मोफत साधन वापरावे. ते तळटीपांचे दुवे करते, सांगितल्यास चित्रे वेगळ्या फोल्डरमध्ये काढते, शैलींवरून नवी अनुक्रमणिका बांधते, आणि २०२३ मधील तिसऱ्या आवृत्तीपासून प्रकरणवार वेगळी पानेही करून देते. जुनी अनुक्रमणिका काढूनच टाकावी, कारण वेबवर पृष्ठक्रमांकांना अर्थ राहत नाही. एकत्र जोडलेले रकाने असलेले तक्ते मात्र डोळ्यांखालून घालावेत.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. काही प्रकरणे जुन्या, युनिकोड (प्रत्येक अक्षराला सर्वत्र एकच संकेतांक देणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये आहेत. त्यांचे काय करावे?

प्रतिसाद २
ती आधी युनिकोडमध्ये आणावीत. असे फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार दाखवतात, त्यामुळे फॉन्ट सुटताच वाचकाला निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. परिवर्तकातून (असा मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या साधनातून) मजकूर काढल्यावर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार विशेष काळजीने तपासावेत. जुन्या फॉन्टमध्ये ते उच्चारक्रमाने नव्हे, तर दिसण्याच्या क्रमाने टंकलेले असल्याने चुका बहुधा तेथेच राहतात.