जुना स्विमिंग पूल: नुसता बुजवायचा की मुळासकट काढायचा?

विषय: जुना स्विमिंग पूल, सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

आमच्या घरामागे जुना काँक्रीटचा स्विमिंग पूल आहे. मुलं शिकायला बाहेर पडल्यापासून त्यात कुणी उतरलेलं नाही. आता जुनं घर पाडून त्याच जागेवर दोन घरं बांधायचं ठरतंय, आणि नकाशाप्रमाणे मागच्या घराचा निम्मा भाग पूलच्या जागेवर येतो. एक कंत्राटदार म्हणतो, वरच्या कडा फोडू, तळाला भोकं पाडू, तोच राडारोडा आत ढकलून वर माती टाकू. दुसरा म्हणतो, सगळंच काढावं लागेल, आणि त्याचा आकडा जवळजवळ तिप्पट आहे. कुणी यातून गेलं आहे का? शनिवारी पंप लावून पाणी उपसायला घेणार आहे, तेव्हा जरा लवकर कळवा.

विषय: उत्तर: जुना स्विमिंग पूल, सल्ला हवा

नमस्कार,

माझं सगळं आयुष्य माती तपासण्यात आणि पाये घालण्यात गेलं, म्हणून लिहितो. आधी महत्त्वाचं: शनिवारी पंप लावू नका. जमिनीखालचं पाणी वर आलेलं असेल तर रिकामा हौद होडीसारखा उचलला जातो. आतल्या पाण्याचं वजनच त्याला खाली धरून ठेवत असतं. फायबरग्लासच्या पूलना हा धोका जास्त, पण काँक्रीटचेही तडकलेले मी पाहिले आहेत. पाऊस नसलेले दिवस बघा, जवळ एक खड्डा घेऊन भूजल किती खोल आहे ते पाहा, आणि ज्या आठवड्यात मशीन येणार त्याच आठवड्यात उपसा. क्लोरीनचं पाणी पावसाच्या गटारात सोडू नका, ते थेट ओढ्यात जातं आणि मासे मरतात. काही दिवस क्लोरीन घालणं थांबवा, चाचणी करा, आणि पाणी कुठे सोडायचं ते स्थानिक प्रशासनाला विचारा.

आता तुमचा खरा प्रश्न. पहिला कंत्राटदार सांगतो ती पद्धत खोटी नाही. वर हिरवळ किंवा फुलझाडं येणार असतील तर ती चालते. तुम्ही मात्र वर घर बांधणार आहात. अर्धं घर मुळच्या घट्ट जमिनीवर आणि अर्धं भरावावर असलं की भरावाकडची बाजू जास्त खचते, आणि नेमकं त्या सीमेवर घर चिरतं. त्यामुळे कवच, सळया, पाइप सगळं बाहेर काढा. बरेच जण इथेच थांबतात. पण पूल बांधताना भिंतीमागे जी सैल माती भरलेली असते, तीही मूळ जमीन लागेपर्यंत काढावी लागते.

तुमचा पूल ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल धरला, कवच २० सेंटिमीटर जाड धरलं, तरी काँक्रीट ३० टनांच्या वर जातं. खड्डा भरायला दाबलेली माती ६० घनमीटरच्या पुढे लागेल, आणि सैल माती मागवताना त्याहून पाव हिस्सा तरी जास्त धरा. दुसऱ्याचा आकडा तिप्पट का, ते यात आलं.

भराव एकदम ओतायचा नाही. १५ ते २० सेंटिमीटरचा थर, योग्य ओलावा, रोलर, मग घनतेची चाचणी, मगच पुढचा थर. १९३३ मध्ये प्रॉक्टर या अभियंत्याने बसवलेली चाचणी आजही याला वापरतात. ती माती जास्तीत जास्त किती घट्ट दाबली जाऊ शकते ते त्या चाचणीत कळतं, आणि पायाखालच्या भरावाला सहसा त्या कमाल घनतेच्या ९५ टक्के मागतात. चाचणी करणारा माणूस कंत्राटदाराचा नको, तुम्ही नेमलेला हवा.

पंपाची आणि पाण्यातल्या दिव्याची वीज, हीटर असेल तर गॅस, हे आधी परवानाधारकाकडून तोडून घ्या. पंपाच्या खोलीचे जुने पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. तपासल्याशिवाय हात लावू देऊ नका.

विषय: उत्तर: उत्तर: जुना स्विमिंग पूल, सल्ला हवा

काका म्हणतात त्यातला शब्द न् शब्द खरा आहे, आम्ही भोगलंय. आम्ही घेतलेल्या प्लॉटवर पूल होता हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. मागच्या कोपऱ्यातलं गवत पावसानंतर आठवडाभर पचपचीत राहायचं, एवढंच. पाया खणायला घेतला आणि मशीनच्या दातात निळी फरशी आली. तळहाताएवढा तुकडा, अजून चकचकीत. त्याखाली गंजलेली शिडी, झाडाचे बुंधे, कुजलेल्या फळ्या. लाकूड कुजून मध्ये पोकळी झाली होती, मजुराचा पाय मांडीपर्यंत आत गेला. सुदैवाने लागलं नाही, पण मी त्या रात्री झोपले नाही. काम थांबलं, नकाशा बदलला, आणि आधीच्या मालकाने वाचवलेला खर्च आमच्या गळ्यात पडला.

दादा, तुम्ही काढाल तेव्हा रोज फोटो काढा, पूलची हद्द नकाशावर मोजून मांडा, चाचण्यांचे अहवाल घराच्या कागदांत लावा. पुढेमागे घर विकायची वेळ आली तर घेणाऱ्याच्या हातात ते द्या. आणि कुंपण शेवटचा थर पडेपर्यंत हलवू नका. रिकाम्या खड्ड्यात पोर पडलं तर वाचवायला पाणीही नसतं.

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: जुना स्विमिंग पूल, सल्ला हवा

काका, ताई, मनापासून आभार. पंप परत केला. माती तपासणाऱ्याला बोलावलंय, तो आधी तीन ठिकाणी भोकं घेऊन भूजल बघणार आहे. एक अडचण राहिली: घराशेजारची वाट जेमतेम १ मीटर आहे, मोठं मशीन आत येत नाही.

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: जुना स्विमिंग पूल, सल्ला हवा

मग आधी जुनं घर पाडा, पूल नंतर. वाट आपोआप मोकळी होईल. फक्त पूलची शेजाऱ्याच्या हद्दीकडची भिंत एकदम फोडू नका. त्या बाजूची माती तिच्यावर टेकलेली असेल. तुकड्यातुकड्याने काढा आणि लगेच भरत या. अहवाल आला की मला पाठवा, वाचून सांगतो.