मदत हवी आहे: सांगलीच्या बैठकीत जॅझ ऐकवायचंय, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी. विश्रामबागला आमची दर महिन्याला घरगुती ऐकायची बैठक असते. सगळे नाट्यसंगीतावर वाढलेले, मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीतसभेला रात्रभर बसणारे. या वेळी पाळी माझी आहे आणि मला सेसिल मॅकलॉरिन सॅल्व्हंट ऐकवायची आहे.

२०१० ची थेलोनियस मंक ही जॅझची नावाजलेली स्पर्धा जिंकलेली ही अमेरिकन जॅझ गायिका, वडील हैतीचे, आई फ्रेंच. २०२५ चा तिचा 'ओह स्नॅप' हा अल्बम फार मनापासूनचा आहे. गाणी बरीचशी तिचीच, आणि जॅझबरोबर पॉप, इलेक्ट्रॉनिक असं काय काय त्यात मिसळलंय. मला तो अतिशय आवडला. पण पहिल्यांदाच जॅझ ऐकणाऱ्यांना एकदम तो लावला तर काका-काकू मंडळी बिचकतील, अशी भीती वाटते.

म्हणून आधी तिचा 'घोस्ट साँग' (२०२२) हा अल्बम लावावा का? त्याच्या सुरुवातीला कसलीच साथ नाही, नुसता गळा. आपल्याकडच्या कानांना ते लगेच भिडेल असं वाटतं. की 'द विंडो'तली पियानोबरोबरची गाणी आधी?

आणखी एक. 'मेल्युझीन'मधली (२०२३) बहुतेक गाणी फ्रेंच आहेत. कुणी फ्रेंच जाणणारं असेल तर दोन-तीन गाण्यांचा भावार्थ मराठीत सांगाल का? शब्द कळल्याशिवाय तिचं गाणं अर्धंच पोचतं.

बैठक पुढच्या रविवारी संध्याकाळी आहे, त्याआधी कृपया कळवा.