बी विंगखाली चालू ठेवलेल्या गाड्या

बी-२०४ : पुन्हा सांगतेय. सकाळी खालच्या पार्किंगमध्ये वीस-वीस मिनिटं गाडी चालू ठेवून एसी गार करत बसू नका. धूर थेट आमच्या खिडकीत येतो. घरात तान्हं बाळ आहे, सगळ्यांना माहितीय 🙏

ए-१०१ : वहिनी, गाडी जुनी, त्यात मे महिना. भट्टीत बसायचं का?

सी-३०३ : एसीचा गॅस भरून घ्या.

डी-४०२ काका : वहिनींचं बरोबर आहे. उभ्या गाडीत कॉम्प्रेसर (एसीचा गॅस दाबणारा पंप) हळू फिरतो आणि कंडेन्सरला (रेडिएटरपुढची, गॅस गार करणारी जाळी) वारा फक्त पंख्याचा. काचा खाली, ब्लोअर फुल, गाडी हलवा. आतली कोंडलेली गरम हवा गेली की काचा वर करून रिसर्क्युलेशन, म्हणजे आतलीच हवा फिरवायचं बटण, लावा.

ए-१०१ : तेच करतो ओ काका. होटगी रोडला गार लागतं, सात रस्त्याला सिग्नलवर थांबलं की गरम.

सी-३०३ : गॅस कमी झालाय. भरून घ्या.

डी-४०२ काका : नाही. चालताना गार नि थांबल्यावर गरम, म्हणजे आधी पंखा आणि कंडेन्सर. एसी लावा, ग्रीलसमोर कागद धरा. पंखा नीट ओढत असेल तर कागद चिकटतो. मग कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत टॉर्च मारा. धूळ, भुसा, किडे तिथं गच्च बसतात, पुढून काही दिसत नाही. इंजिन गार असताना जमेल तेवढं इंजिनाकडून ग्रीलकडे पाणी मारा. प्रेशर वॉशर नको, पत्र्या वाकतात.

बी-३०१ : म्हणजे परत पाईप? मागच्या वेळी टाकी कुणामुळं रिकामी झाली ते सगळ्यांना ठाऊक आहे.

ए-१०१ : नाव घेऊन बोला की.

सेक्रेटरी : 🙏 पाण्याचा विषय मीटिंगला घेऊ.

बी-३०१ : तीन मीटिंगा झाल्या.

डी-४०२ काका : बादलीभर पाणी नि बागेचा फवारणी पंप पुरतो.

ए-३०२ : झोतच कमी येत असेल तर डॅशबोर्डच्या डब्यामागचा केबिन फिल्टर बघा. काही जुन्या मॉडेलांत फिल्टरच नसतो, मग सगळी माती इव्हॅपोरेटरवर (आतली हवा गार करणारी जाळी). आधी गार येऊन नंतर झोत घटत गेला, आणि एसी थोडा वेळ बंद ठेवल्यावर परत आला, तर आत बर्फ धरतोय. फिल्टर चोंदलाय किंवा थर्मोस्टॅट कॉम्प्रेसर वेळेवर बंद करत नाही. बाजूच्या सीटखाली पाणी साचतंय? एसीचं पाणी बाहेर सोडणारी ड्रेनची नळी तुंबलीय.

डी-१०२ : आमच्याकडं साचतं, ते पण वाया जातं. बी-३०१ ला पाठवू का? 😄

बी-३०१ : 👎

सी-३०३ : एवढ्या उठाठेवीपेक्षा गॅस भरा, विषय संपला.

डी-४०२ काका : गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही हो. कमी झाला म्हणजे गळतोय. जोडावर तेलकट धूळ दिसली की तिथंच रबरी ओ-रिंग गेलेली असते. कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील, गॅस भरायचा सर्व्हिस व्हॉल्व्हही तपासा. गळती काढा, रिसिव्हर ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारी डबी) बदला, अर्धा तास तरी व्हॅक्यूम पंपानं आतली हवा खेचा. पंप बंद केल्यावर गेजचा काटा सरकता कामा नये. मग बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेत तेवढेच ग्रॅम गॅस, वजनकाट्यावर तोलून. अंदाजानं जास्त गेला तर प्रेशर वाढून गारवा उलट घटतो. आणि स्वस्तात एलपीजी भरून देणाऱ्याकडं फिरकूसुद्धा नका, ते पेट घेतं.

ए-३०२ : तापमानाचा खटका पूर्ण निळ्यावर असूनही कोमट येत असेल तर हीटरच्या फ्लॅपची तारही बघा. ढिली झाली की गरम हवा मिसळते.

ए-१०१ : काका, कागद खाली पडला. पंखा फिरतच नाही.

डी-४०२ काका : आधी फ्यूज. मग शेजारचा तसाच रिले (पंख्याची वीज चालू-बंद करणारी डबी) अदलून बघा. तरी नाही तर बॅटरीवरून पंख्याच्या मोटरला थेट बारा व्होल्ट द्या, हात पात्यांपासून लांब. फिरली तर वायरिंग किंवा स्विच, नाही तर मोटर गेली.

बी-२०४ : आणि ही सगळी तपासणी गेटबाहेर करा.

ए-१०१ : हो वहिनी, ढकलत नेतो बाहेर.